एक पेढा, दोन पेढे आणि घराची पत

बँकेच्या नोकरीत कर्जप्रस्ताव तपासताना एक शिस्त अंगवळणी पडली. ताळेबंदातील नफ्याचा आकडा पाहण्याआधी तो आकडा कसा निघाला, मालाचे मूल्यांकन कोणी केले, येणे बाकी खरोखर येणार आहे काय, हे पाहावयाचे. आकडा चुकीचा नसतो, परंतु त्यातून जो अर्थ काढला जातो तो अनेकदा चुकीचा असतो. निवृत्तीनंतर वाचनाची जुनी आवड पुन्हा जोपासली आणि मानसशास्त्रातील संशोधनपद्धतींवरील काही पुस्तके हाती आली. मनाचे शास्त्र म्हणजे तर्काचे पतंग, अशी आपल्यातील अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात हे अभ्यासक हिशेबतपासनिसाइतकेच काटेकोर असतात, आणि एकमेकांच्या निष्कर्षांची फेरतपासणी करताना भीडभाड ठेवत नाहीत, हे पाहून मला आपलेपणाच वाटला.

त्यांतील एक प्रयोग आज आपल्या बहुतेक घरांत मोबाईलवरील चित्रफितींच्या रूपाने पोहोचला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालशाळेत १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून वॉल्टर मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. साधारण तीन ते पाच वर्षांच्या मुलासमोर खाऊ ठेवावयाचा. आता हवा असेल तर थोडा मिळेल, मी परत येईपर्यंत थांबलास तर अधिक मिळेल, असे सांगून संशोधकाने खोलीबाहेर जावयाचे. थांबण्याची कमाल मुदत बहुधा पंधरा मिनिटे. खाऊंपैकी एक म्हणजे मार्शमॅलो नावाची मऊ मिठाई, आणि तिच्याच नावाने हा प्रयोग जगभर ओळखला गेला. त्या मिठाईत जिलेटिन असते, त्यामुळे आपल्या घरांत तिची जागा पेढ्याने किंवा चॉकलेटने घेतली, एवढाच काय तो फरक.

मिशेल यांचा मूळ प्रश्न मात्र आपण समजतो तो नव्हता. कोणते मूल संयमी आणि कोणते उतावळे, अशी प्रतवारी लावण्यासाठी हा खटाटोप नव्हता. कोणत्या परिस्थितीत मुलाला थांबणे सोपे जाते, हे त्यांना शोधावयाचे होते. म्हणून मुलांचे गट केले गेले. काहींसमोर खाऊ उघडा ठेवला, काहींच्या नजरेआड ठेवला. काहींना गमतीच्या गोष्टींचा विचार करण्यास सांगितले, काहींना खाऊचाच. कोणते मूल कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवावयाचे, म्हणजे हुशार मुले एकाच बाजूस गोळा होत नाहीत आणि गटांत जो फरक दिसेल तो परिस्थितीमुळेच आला असे म्हणता येते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात निष्कर्ष स्पष्ट आहे. खाऊ दृष्टीआड असला किंवा मन दुसरीकडे गुंतले, की तीच लहानगी मुले बराच वेळ थांबतात. संयम ही जन्मजात ठेव आहे असे यातून निघत नाही; तो शिकता येतो आणि त्यास अनुकूल वातावरण लागते, असे निघते.

मग भविष्यकथनाचा भाग आला कोठून? ती मुले मोठी झाल्यावर संशोधकांनी पुन्हा त्यांचा माग घेतला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, बालपणी अधिक थांबलेल्या मुलांना महाविद्यालय-प्रवेशाच्या सॅट परीक्षेत अधिक गुण मिळाल्याचे आढळले. परंतु तो संबंध ठळकपणे दिसला तो एकाच परिस्थितीतील, म्हणजे खाऊ समोर उघडा होता आणि कोणतीही युक्ती सुचवलेली नव्हती अशा मुलांत; आणि त्या हिशेबात मुले होती अवघी ३५. शिवाय ही सारी विद्यापीठाच्या परिसरातील, बहुतांशी सुशिक्षित घरांतील मुले. पस्तीस खातेदारांवरून साऱ्या शाखेचे कर्जधोरण कोणी ठरवीत नाही. त्यातही हा सहसंबंध आहे, कार्यकारण नव्हे. छत्र्यांची विक्री आणि रस्त्यावरील चिखल एकाच वेळी वाढतात, म्हणून छत्रीने चिखल होतो असे आपण म्हणत नाही.

ही चर्चा मी केवळ पुस्तकी हौसेने मांडत नाही. गेल्या दिवाळीत माझ्या मावसभावाच्या घरी सारे कुटुंब जमले असता कोणीतरी हा प्रयोग करण्याची टूम काढली. दोन चुलतभावंडांसमोर एकेक पेढा ठेवला आणि मोबाईल लावला. सात वर्षांची मुलगी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पाच वर्षांच्या मुलाने दार लागताच पेढा तोंडात टाकला. हशा झाला, चित्रफीत नातेवाइकांत फिरली. तेवढ्यावर थांबले असते तर बिघडले नव्हते, पण घरातील एका ज्येष्ठाने सहज म्हटले, “हा काही पेढीवर बसायचा नाही, भांडवल खाऊन टाकील.” पुढे दोनतीन महिन्यांत ते वाक्य घरात रुळले. मूल गल्ल्याजवळ आले की त्याला हसून दूर करावयाचे, बहिणीला मात्र नोटा मोजावयास द्यावयाच्या. तो दुकानात येईनासा झाला. त्याच्या आईने मला बाजूला घेऊन विचारले, “काका, हे परदेशातल्या शास्त्रज्ञांनी खरंच सिद्ध केलंय का हो?” थोडे थांबून तिने असेही सांगितले, की त्याला सायकल उन्हाळ्याच्या सुट्टीत घ्यावयाचे ठरले होते, मग ती दसऱ्यावर गेली, मग दिवाळीवर, आणि अजून आलेली नाही.

तिच्या या बोलण्याने मला एका वेगळ्या प्रयोगाची आठवण झाली. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला व २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांचे १४-१४ चे दोन गट. चित्र काढण्यासाठी साधे साहित्य देऊन, थोडे थांबलास तर अधिक चांगले आणून देते, असे प्रत्येकाला सांगितले. एका गटाला ते खरोखर आणून दिले. दुसऱ्या गटाला परत येऊन सांगितले, की क्षमा कर, ते आपल्याजवळ नाही. असे दोनदा झाल्यावर मग मिठाईची परीक्षा घेतली. शब्द पाळला गेलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. शब्द मोडला गेलेली सरासरी ३ मिनिटे. पहिल्या गटातील ९ मुलांनी पूर्ण पंधरा मिनिटे काढली, दुसऱ्या गटातील केवळ एकाने.

आपण व्यापारी घरांतील माणसे, आपल्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये. ज्याची हुंडी दोनदा परत आली त्याला तिसऱ्यांदा उधारी देणारा दुकानदार संयमी म्हणावा काय? तेथे रोखीचा आग्रह हाच शहाणपणा ठरतो. मूलही समोरच्याची पत पाहूनच थांबते. मावसभावाच्या घरातील त्या मुलाने पेढा सायकलीमुळेच खाल्ला, असे मी म्हणणार नाही. एका मुलावरून तसा निष्कर्ष काढणे हेही त्याच घाईचे दुसरे रूप होईल. २८ मुलांचा प्रयोगदेखील लहानच. इतकेच म्हणता येते, की थांबणे न थांबणे यात मुलाच्या स्वभावाखेरीज आणखी काही मोजले जात असते, आणि त्या ‘आणखी काही’मध्ये आपण मोठी माणसेही असतो.

शास्त्राची खरी प्रतिष्ठा फेरतपासणीत आहे. २०१८ साली टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवर तो जुना दावा पुन्हा पडताळला. त्यांनी मुख्य भर ज्यांच्या आईचे पदवीशिक्षण झालेले नव्हते अशा मुलांवर दिला. बालपणीचे थांबणे आणि पंधराव्या वर्षीची शैक्षणिक प्रगती यांतील संबंध मूळ पाहणीच्या सुमारे निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती, मुलाची आरंभीची बौद्धिक क्षमता व घरातील वातावरण हिशेबात धरताच त्यातीलही जवळजवळ दोन तृतीयांश भाग नाहीसा झाला. येथे कोणी खोटे पाडले गेले असे नाही. जमेच्या बाजूस एकाच खात्यावर लिहिलेली रक्कम नीट तपासून निरनिराळ्या खात्यांवर खतावली गेली, इतकेच.

मी मावसभावाला हे सारे सांगितले. “तुझा बँकेचा स्वभाव जात नाही,” असे म्हणून तो हसला. पण ती चित्रफीत त्याने सुनेला विचारून आपल्या मोबाईलमधून काढून टाकली. नातेवाइकांकडे गेलेल्या प्रती मात्र कोणी परत आणू शकत नाही. आज मुलांवर प्रयोग करणाऱ्या संशोधकाला आधी पालकांची संमती घ्यावी लागते, मुलाचे नाव गुप्त ठेवावे लागते. दिवाणखान्यातल्या प्रयोगाला यांतील कोणतेच बंधन नसते, आणि निकाल तर मूल शेजारी बसलेले असतानाच जाहीर होतो.

वाचकहो, अशी एखादी ‘सिद्ध झालेली’ गोष्ट आपल्यापर्यंत आली तर चार प्रश्न अवश्य विचारावेत. किती जणांवर पाहिले? ते कोण होते? तुलनेसाठी दुसरा गट होता काय? आणि दुसऱ्या कोणी पुन्हा तपासले तेव्हा काय आढळले? एवढी उत्तरे मिळेपर्यंत कोणत्याही मुलाच्या नावावर ‘उतावळा’, ‘मंद’ किंवा ‘हुशार’ अशी नोंद करू नये. वहीतील चुकीची नोंद वर्षअखेरीस दुरुस्त करता येते. मुलाने स्वतःविषयी मनात करून घेतलेली नोंद तपासावयास मात्र कोणताही लेखापरीक्षक येत नाही. मुलांना थांबावयास शिकवावे अशी इच्छा असेल, तर ‘उद्या देतो’ म्हटलेले उद्याच द्यावे, आणि देणे शक्य नसेल तर आजच तसे सांगावे.