कणकुंबीच्या पावसात

गेल्या जुलैत आईला घेऊन जांबोटीमार्गे कणकुंबीला गेलो. मलप्रभेचा उगम बघायचा तिचा जुना हट्ट. चोर्ल्याच्या बाजूला त्या दिवसांत भरदुपारीही दिवे लावावे लागतात. उतरताना मी ते बंद करायला विसरलो. तासाभराने येऊन किल्ली फिरवली, तर नुसतं टक्‌टक्.

एक ट्रकवाला थांबला. "ब्याटरी होग्येद री," म्हणाला. पण त्याची २४ व्होल्टची, आमची १२ ची, जोडणार कशी? आई भिजून कुडकुडत होती, अंधार पडत आलेला. अखेर एका जीपवाल्याने वायरी लावून गाडी सुरू करून दिली. चहालाही थांबला नाही.

त्याच आठवड्यात जंप स्टार्टर घ्यायला बेळगावात दुकान गाठलं. स्वस्तातला डबा लहान पेट्रोल गाडीपुरता निघाला. आमची डिझेल, तिला करंट जास्त लागतो. खोक्यावरच्या 'पीक अँपिअर'च्या मोठ्या आकड्याला भुलू नका, किती लिटरचं डिझेल इंजिन उठवतो ते विचारा. चिमटे उलटे लागले तर प्रवाह रोखणारी सोय हवीच. अंधारात, पावसात लाल-काळं कुठलं कळतंय! मोबाइल चार्ज होतो, टॉर्च आहे, ते सगळं ठीक.

दोन-तीन महिन्यांनी तो चार्ज करावा लागतो. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवायचा नाही, म्हणून आमचा घरात कपाटात असतो. निघताना आई विचारते, "डबा घेतलास?" जेवणाचा की हा, ते दर वेळी विचारून घ्यावं लागतं.