काच, फेल्ट आणि वारा

जुन्या मोटारीच्या दाराची काच खडखडू लागते तेव्हा दोष क्वचितच काचेचा असतो. काच पन्नास वर्षांनंतरही जवळजवळ तशीच राहते आणि विरून जाते ते तिच्या कडांभोवतीचे मऊ साहित्य, ज्याची दखल गाडी नवी असताना कोणी घेतलेली नसते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ बाहेर पडू लागली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला चेहरा दिला तो हिनेच. परंतु टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली, आणि तेव्हापासून हिचा सांभाळ केवळ खासगी मालकांच्या जिव्हाळ्यावर उरला आहे.

दहिसरसारख्या ठिकाणी हा सांभाळ विशेष कष्टाचा ठरतो. बृहन्मुंबईच्या उत्तर टोकाच्या या उपनगरात पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पश्चिमेला खाडी व तिवरांचे रान आणि मधून धावणारा द्रुतगती महामार्ग असल्याने महामार्गाची धूळ काचेच्या कडांभोवतीच्या फेल्टला घासते, ऊन रबराला कडक करून तडकवते आणि खाडीची खारी, दमट हवा दाराचा पत्रा आतून पोखरते.

दाराची काच वरखाली सरकते ती चॅनेलमधून, म्हणजे दोन्ही बाजूंना बसवलेल्या अरुंद पन्हळीतून. या पन्हळीला आतून फेल्टचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या तंतूंच्या जाड कापडाचे, अस्तर असते. काच दारात शिरते त्या फटीच्या काठाने रबराची पट्टी जाते, आणि हँडल फिरवल्यावर काचेला उचलणाऱ्या यंत्रणेला कारागीर ‘काचेची मशीन’ म्हणतात. पट्टी चुकवून पावसाचे थोडे पाणी दारात उतरणारच, हे गृहीत धरून दाराच्या तळाशी निचऱ्याची भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की पाणी साचते आणि दार खालून कुजू लागते.

म्हणून दुरुस्तीचा आरंभ दाराचे आतील अस्तर उतरवून ही भोके मोकळी करण्यापासून व्हावा, मग झिजलेले फेल्ट व पट्टी बदलावी, मशीनच्या दातांना ग्रीस द्यावे, पण फेल्टला ते लावू नये, कारण ग्रीस धूळ धरून ठेवते आणि अस्तराचीच कानस होते. शेवटी काच पूर्ण वर नेऊन, चॅनेलचे बोल्ट सैल करून, काच दोन्ही बाजूंना सारखी बसेल असे ते पुन्हा आवळावेत. कागदाची पट्टी दाराच्या रबरात धरून दार लावल्यावर ती सहज ओढून निघाली, तर तेथे फट उरली आहे असे समजावे.

घाईने केलेला उपाय म्हणजे फटीत कोंबलेली पुठ्ठ्याची घडी. तिने खडखड थांबते, पण काचही थांबते. काचेला हलायचे असल्यामुळे तिच्याभोवती अवकाश लागतोच, आणि तोच अवकाश मोकाट सुटला की त्याचा आवाज होतो. फेल्टचे कौशल्य हे की ते काचेला धरून ठेवते आणि तरीही जाऊ देते.

थंड देशांत फटीतला वारा ही तक्रार असते, दहिसरच्या उकाड्यात मात्र वारा हवाच असतो. वातानुकूलन नसलेल्या या गाडीच्या पुढच्या दारांत खिळीवर फिरणारी त्रिकोणी काच त्यासाठीच दिलेली होती. ती किंचित कलती केली की बाहेरचा वेगवान वारा आतली कोंदट हवा ओढून नेतो आणि पुरती उलटी फिरवली की तोच वारा थेट अंगावर येतो. तेव्हा जुन्या दाराची नीट झालेली दुरुस्ती ओळखावी ती अशी की पावसात कागदाची पट्टी रबरात घट्ट बसते, आणि पाऊस उघडताच मालकाचा हात आपसूक त्या त्रिकोणी काचेकडे जातो.