शहाबादीवर वाढलेली माणसं

पन्नास ते ऐंशीच्या दशकांत महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत जी घरं बांधली गेली, त्यांत वाढलेल्या माणसांची एकमेकांशी चटकन गट्टी जमते. “तुमच्याकडे कोबा होता की शहाबादी?” एवढं विचारलं की पुरे. कोबावाले त्यांच्या लाल गुळगुळीत जमिनीच्या आठवणींत रमतात. उरलेले आपण. मे महिन्याच्या दुपारी चटई बाजूला सारून उघड्या फरशीवर पालथं पडायचं, गाल टेकवायचा आणि ती जागा तापली की शेजारच्या फरशीवर सरकायचं. आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, “अरे, छातीत गारठा बसेल!” कुणाच्या छातीत कधी बसलेला आठवत नाही.

दीड-दोन फुटी चौकोनी फरशी, इंचभर किंवा थोडी जास्त जाड, मध्ये सिमेंटचे सांधे. बाहेरच्या खोलीत पॉलिश केलेली, मोरीत आणि अंगणात खडबडीत. दिसायला राखाडी, पण नीट पाहिलं तर एक निळसर, दुसरी पिवळट, तिसरीच्या कोपऱ्यात तपकिरी डाग. हे डाग आपल्याला पाठ असायचे. पाहुण्यांची पंगत बसली की ताटं सांध्याच्या रेषेला धरून मांडायची. मुलींचे सागरगोटे गुळगुळीत फरशीवर, काचापाण्याची रिंगणं खडूने त्याच फरशीवर. सणावाराला फरशी पुसायच्या पाण्यात थोडं रॉकेल टाकलं जाई. त्याने मुंग्या जात आणि फरशीला तकाकी येई. तो वास ज्यांच्या नाकात आहे, त्यांचं वय विचारायची गरज नाही.

ही फरशी महाराष्ट्राची नव्हे. आपल्या राज्याच्या बहुतेक भागात खाली बेसाल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. पाटा-वरवंटा, जाती, जोत्याचे चिरे, हेमाडपंती देवळं ही सगळी त्याच्या पोटची. पण हा काळा दगड कितीही टणक असला तरी त्याचे पातळ सपाट तक्ते सुटत नाहीत. भीमा सोलापूर ओलांडून कर्नाटकात शिरली की पुढे लाव्ह्याचं पांघरूण संपत जातं आणि खालचा कितीतरी जुना चुनखडक उघडा पडतो. तो ५० कोटी वर्षांहूनही जुना, समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ साचत साचत झालेला. पहार आणि छिन्नी लावली की फुलक्याचे पदर सुटावेत तसे त्याचे थर सुटतात. कलबुर्गी जिल्ह्यातलं शहाबाद हे त्याचं गाव, तेव्हा निजामाच्या राज्यातलं. १८७१ साली मुंबईकडून निघालेली रेल्वे रायचूरला पोचली. शहाबाद या मार्गावरच असल्याने फरशीला पुण्या-मुंबईचा रस्ता खुला झाला. शेजारच्या वाडीचा सिमेंट कारखानाही याच चुनखडकावर चालतो. म्हणजे फरशी आणि तिच्या सांध्यातलं सिमेंट, दोन्हींचं मूळ एकाच जातीच्या दगडात.

स्वयंपाकघरातला ओटा मात्र आंध्रातून यायचा. चुली-शेगड्या जाऊन गॅस आला, आई उभ्याने स्वयंपाक करू लागली, आणि दोन बुटक्या भिंतींवर काळ्या कडप्प्याचा लांब तक्ता चढला. कोठीच्या खोलीत डब्यांचे कप्पेही कडप्प्याचेच. हा दगडही चुनखडकच, आणि त्याचा पुरावा प्रत्येक घरात होता. लिंबू चिरून तसंच ठेवलं किंवा चिंचेचा कोळ सांडून राहिला की काळ्या ओट्यावर फिकट पांढुरका डाग. आई तो घासघास घासायची आणि शेवटी खोबरेल तेलाचं बोट फिरवून लपवायची. मळ असता तर निघाला असता. पण आंबटाने दगडच खाल्लेला असतो. संडास साफ करायचं अॅसिड ज्यांनी ‘डाग जातील’ म्हणून फरशीवर ओतलं, त्यांनी तिचं पॉलिश एका दुपारीत घालवलं. तो फेस मळाचा नव्हता, फरशीचा होता.

आंबटाला दाद न देणारा दगड आपल्या दप्तरात होता. दगडी पाटी ही खरी स्लेट. दुकानदार आजकाल कुठल्याही थराच्या दगडाला स्लेट म्हणून विकतात, पण हिची जात वेगळी. चिकणमातीचा गाळ आधी दगड होतो. मग पर्वत घडताना त्यावर प्रचंड दाब येतो आणि आतले अभ्रकासारखे सूक्ष्म चपटे कण दाबाला काटकोनात ओळीने बसतात. मूळ थर कसेही असोत, दगड फुटतो तो या नव्या ओळींतून. म्हणूनच पाटी इतकी पातळ निघते. पाणी ती जवळजवळ पीतच नाही. हिमाचलात कांगडा, धरमशाला, चंब्याच्या बाजूला घरांवर कौलांच्या जागी स्लेट दिसते ती याच गुणामुळे. आपल्याकडच्या कित्येक पाट्या आंध्रातल्या मार्कापूरच्या. लाकडी चौकट, कोपऱ्यात ओलं फडकं बांधलेली दोरी, आणि दसऱ्याला तिच्यावर एकाचे आकडे जोडून काढलेली सरस्वती.

पेन्सिलीचं थोडं वेगळं आहे. ती आपण लिहिली त्याहून जास्त खाल्ली, यावर दुमत नसावं. पण मध्य प्रदेशातल्या मंदसौरमध्ये त्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ साचून सिलिकोसिस होत असे. तरणी माणसं धापा टाकत गेली. १९८२ साली तिथल्या सरकारला स्लेट-पेन्सिल कामगारांच्या कल्याण निधीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्या स्मरणरंजनात ही गोष्ट सहसा येत नाही. यायला हवी.

नव्वदीनंतर फरशा उखडायला लागल्या. आधी मोझॅक, मग मार्बोनाइटसारख्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. शहाबादी गरिबीची खूण ठरली. मुलाच्या लग्नाआधी ती काढून टाकणं हा रिवाजच झाला. हा आपला उतावळेपणा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. झिलईच्या टाइलचा टवका उडाला की आतली वेगळ्या रंगाची माती दिसते आणि ती टाइल बदलण्यावाचून गत्यंतर नसतं. शहाबादी वरपासून खालपर्यंत एकच दगड. तीस-चाळीस वर्षांची मळकट फरशी मशिनखाली दोन हात घासली की आतून पुन्हा नवा राखाडी-निळा दगड वर येतो.

तेव्हा ज्यांच्या घरी ती अजून आहे, त्यांना एक विनंती. उखडायच्या आधी एकदा पॉलिशवाल्याला बोलवा. गवंड्याकडून प्रत्येक फरशी थापीच्या दांड्याने वाजवून घ्या. भद्द आवाज आला तर खालचा माल सुटलाय, तेवढीच उचलून पुन्हा बसवा. सांधे उकरून नव्याने भरा. अॅसिड आणि व्हिनेगर लांब ठेवा, साधा साबण पुरतो. आणि उखडायचीच ठरली तर तुकडे करून राडारोड्यात टाकू नका. अख्खी निघालेली फरशी उलटी करून अंगणात बसवता येते, आणि तिची खालची बाजू अजून कोरीच असते.