गवसणींतला खर्ज

रेवसच्या आमच्या घरीं माजघराच्या कोपऱ्यांत एक तंबोरा उभा असे. दिवेलागणीच्या वेळीं तांबड्या गवसणींतील त्याची आकृति एखाद्या अबोल पाहुण्यासारखी भासे आणि आम्हां मुलांस तिची भीति वाटे. तो माझ्या आत्याचा. गिरगांवांत मामांकडे राहून ती गाणें शिकत असे व सुट्टींत तंबोऱ्यासह बोटीनें घरीं येई. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि ६०० हून अधिक माणसें दर्यांत गेलीं. आत्या त्या दिवशीं घरींच होती. पण आजोबांनीं तिला पुन्हां बोटींत पाऊल ठेवूं दिलें नाहीं. गाणें सुटलें, पुढें लग्न झालें, आणि तंबोरा माहेरींच राहिला. आतां आत्याहि नाहीं.

गेल्या वैशाखांत घराच्या वांटण्या करावयास आम्ही भावंडें जमलों. वाशांस वाळवी, कौलें फुटलेलीं. पैशाची निकड सर्वांसच होती. अशांत जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला. मांडव्याच्या बाजूस मुंबईकर श्रीमंतांचे बंगले झाले आहेत. तेथील दिवाणखान्यांत अशीं वाद्यें भिंतीस टांगण्याची हौस आहे. त्यानें किंमत बरी सांगितली. धाकटे बंधु म्हणाले, “दादा, वाजत नाहीं तें वाद्य कसलें? नुसतें लांकूड!” मला उत्तर सुचेना.

पुतण्या बास गिटार वाजवितो. त्यानें गवसणी उतरविली. खाऱ्या हवेनें तारा काळवंडल्या होत्या, घोडीवर खांचा पडल्या होत्या, भोपळ्यास चीर गेली होती. तो म्हणाला, “काका, माझी गिटार आणि ही खर्जाची तार यांचें काम एकच. ऐकणाराचें तिकडे लक्ष जात नाहीं. पण ती थांबली कीं गाणें अधांतरीं होतें.”

मग त्यानें एक नवल सांगितलें. अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं विजेवर चालणारी बास गिटार विक्रीस आणली. त्या पहिल्या वर्षांतील गिटारींस आज लाखों रुपये पडतात. मात्र रंग, खुंट्या, मळसूत्रें सारीं मूळचींच हवींत; वरून नवा रंग दिला तरी किंमत उतरते. म्हणून त्यांतल्या कित्येक आतां वाजतच नाहींत, संग्राहकांच्या कपाटांत पडून असतात.

रात्रीं मला झोंप येईना. तंबोऱ्याचा न्याय अगदीं उलटा आहे. तारेच्या घर्षणानें घोडीस खांच पडते. ती पुन्हां पुन्हां तासून जवारी काढावी आणि तारेखालीं सुताचा दोरा सरकवावा, तेव्हांच नाद उमलतो. ज्यास कारागिराचा हात लागत नाहीं, तो तंबोरा मुका होतो. आजोबांनीं आत्यास जपलें, पण तेंहि असेंच गवसणी घालून! त्यांच्या मायेविषयीं मला शंका नाहीं. तरी त्या कोपऱ्याकडे पाहून डोळे भरून आले.

सकाळीं मीं बंधूंस सांगितलें, “व्यापाऱ्याची किंमत माझ्या वांट्यांतून वजा करा.” तंबोरा मिरजेस धाडला. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं हीं वाद्यें घडविण्यास आरंभ केला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळे तेथें येत आले आहेत. २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें.

भाद्रपदांत तंबोरा परत आला. अलिबागेस गाणें शिकणाऱ्या आमच्या नातीस तो द्यावयाचें ठरलें होतें. पण पहिली तार छेडली ती धाकट्या बंधूंनीं. खर्ज माजघरभर दाटला. बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं. मग त्यांनींच ती तांबडी गवसणी घडी करून फडताळांत अगदीं तळाशीं ठेविली.