३२ षटके, ५ धावा: नाशिकच्या बापू नाडकर्णींची कारकीर्द

१/
जानेवारी १९६४. मद्रासच्या कॉर्पोरेशन स्टेडियमवर भारत आणि इंग्लंड यांच्यातील कसोटी सामना. इंग्लंडच्या पहिल्या डावात एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या नावापुढे नोंद झाली : ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. त्यांपैकी २१ षटके सलग निर्धाव होती. गोलंदाजाचे नाव रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, अर्थात बापू. जन्म नाशिक, ४ एप्रिल १९३३.

२/
या विक्रमाविषयी एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. बापूंनी सलग १३१ चेंडूंवर धाव दिली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्ड यांनी १९५७ मध्ये डर्बन येथे सलग १३७ चेंडू धावेविना टाकले होते. परंतु तेथे तेव्हा षटक आठ चेंडूंचे असे. म्हणून चेंडूंचा विक्रम टेफील्ड यांचा, तर सलग निर्धाव षटकांचा बापूंचा.

३/
हे घडले कसे? बापूंचा चेंडू फार वळत नसे. त्यांचे सामर्थ्य टप्प्यात होते. सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावरच चेंडू टाकण्याचा त्यांचा परिपाठ होता, असे सांगितले जाते. समोर फलंदाजही सावध होते. संघातील काही खेळाडू आजारी असल्यामुळे इंग्लंडला धोका पत्करायचा नव्हता. एकाच्या अचूकतेला दुसऱ्याच्या सावधपणाची जोड मिळाली.

४/
पण खरा प्रश्न पुढचा आहे. एकही बळी न मिळालेला डाव एखाद्या गोलंदाजाची कायमची ओळख ठरावा, हे न्याय्य आहे का? ‘कंजूष बापू’ ही प्रतिमा इतकी रुजली, की तिच्या सावलीत उरलेली कारकीर्द झाकोळली गेली.

५/
नाशिक हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या क्षेत्रातील जिल्हा. मुंबईचा संघ निराळा. बापू पुणे विद्यापीठाकडून खेळले आणि १९५१-५२ मध्ये महाराष्ट्राच्या रणजी संघात आले. डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध त्यांचे कसोटी पदार्पण झाले. विनू मंकड यांना विश्रांती दिल्यामुळे जागा मिळाली होती. बापूंनी नाबाद ६८ धावा केल्या. तरीही मंकड परतताच त्यांना बाहेर बसावे लागले. त्या काळी डावखुऱ्या फिरकी अष्टपैलूच्या जागेवर मंकड यांच्यासारखा दिग्गज असणे म्हणजे दीर्घ प्रतीक्षा.

६/
पुढे ते मुंबईकडून खेळू लागले. १९६०-६१ च्या हंगामात दिल्लीविरुद्ध त्यांनी नाबाद २८३ धावा केल्या. ‘धावा न देणारा’ म्हणून ओळखला जाणारा हा खेळाडू धावा करण्यातही तितकाच चिवट होता.

७/
त्याचा दाखला १९६४ च्या त्याच मालिकेत सापडतो. कानपूरच्या कसोटीत भारतावर फॉलोऑनची नामुष्की ओढवली. बापू पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्या डावात नाबाद १२२ धावा करून उभे राहिले. सामना वाचला. मालिकेतील पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या. संघाच्या दृष्टीने मद्रासच्या पाच धावांपेक्षा कानपूरचे हे दोन डाव मोलाचे होते.

८/
आणि बळी? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्याच मद्रासमध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी ३१ धावांत ५ आणि ९१ धावांत ६ असे एकूण ११ बळी घेतले. भारत तो सामना हरला. पराभवातील पराक्रम लोकांच्या ध्यानात राहत नाहीत, हेही विस्मरणाचे एक कारण असावे.

९/
१९६८ मध्ये भारताने न्यूझीलंडमध्ये ३-१ असा विजय मिळवला. परदेशातील भारताचा हा पहिला कसोटी मालिका विजय. वेलिंग्टनच्या कसोटीत बापूंनी ४३ धावांत ६ बळी टिपले. याच दौऱ्यातील ऑकलंडची कसोटी त्यांची अखेरची ठरली. एकूण ४१ कसोटींत १,४१४ धावा, ८८ बळी आणि षटकामागे सरासरी अवघ्या १.६७ धावा. प्रथम श्रेणीत ८,८८० धावा आणि ५०० बळी. नंतर त्यांनी राष्ट्रीय निवडकर्ता आणि क्रिकेट नियामक मंडळाचे सहसचिव म्हणूनही काम पाहिले.

१०/
१७ जानेवारी २०२० रोजी मुंबईत वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. श्रद्धांजलीच्या मथळ्यांत पुन्हा तीच २१ षटके होती.

११/
विक्रम माणसाला स्मरणात ठेवतो आणि त्याच वेळी त्याला आकुंचितही करतो. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आज रणजी सामने होतात. तिथे एखादा डावखुरा मुलगा एकाच टप्प्यावर पुन्हा पुन्हा चेंडू टाकताना दिसला, तर त्याला बापूंच्या २१ षटकांची गोष्ट अवश्य सांगावी. मात्र ती तिथेच थांबवू नये. कानपूरपर्यंत आणि वेलिंग्टनपर्यंत न्यावी.