पोरीला कुठं टाकावं?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागतो तो नेमका पेरणीच्या तोंडावर. सोयाबीनचं बियाणं, खताच्या बॅगा, पीककर्जाचं नवं-जुनं, आणि त्याच आठवड्यांत प्रवेशाच्या कॅप राउंडचं वेळापत्रक. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरी जून-जुलैत एकच पैसा दोन ठिकाणी लागत असतो. कॉलेजची निवड आपल्याकडे अशा घाईत, अशा ओढाताणीत होते. तिच्याबद्दल शांतपणे बोलायला वर्षात दुसरी वेळ कुणी काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मी चिखलीत अकरावी-बारावीला गणित शिकवलं. आता निवृत्त आहे, पण या दिवसांत संध्याकाळी कुणी ना कुणी येतंच. "मॅडम, पोरीला कुठं टाकावं?" प्रश्न बाप विचारतो. पोरगी बाजूला बसून मोबाइलवर गेल्या वर्षीचे कटऑफ बघत असते. तिला काय हवंय ते विचारलं की ती आधी बापाकडे बघते. मग पुण्याचं नाव निघतं, संभाजीनगरचं निघतं, नागपूरचं निघतं. शेगावचं नाव बहुधा शेवटी, आवाज उतरवून.

तो उतरलेला आवाज मला पटत नाही. शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 सालचं. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली, ते हेच वर्ष, आणि अमरावती विद्यापीठ सुरू झालं तेही याच वर्षी. गजानन महाराज देवस्थानाच्या कामातून एवढं मोठं तांत्रिक शिक्षण उभं राहिलं, शिवशंकरभाऊ पाटलांसारख्या विश्वस्तानं त्यासाठी आयुष्य घातलं, आणि आपल्याच जिल्ह्यातली माणसं ते "जवळचंच आहे" म्हणून यादीत खाली सरकवतात.

जवळचं म्हणजे दुय्यम, ही समजूत आपल्याकडे एका अर्थानं इतिहासातून आली. शंभर वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या मुलाला कॉलेज शिकायचं तर घर सोडण्यावाचून इलाजच नव्हता. नागपूरला हिस्लॉप होतं, मॉरिस होतं. अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज, आजची विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था, तर 1923 साली कुठं सुरू झालं. पंजाबराव देशमुख पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये गेले, तिथून विलायतेला गेले आणि परत येऊन त्यांनी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. चिखलीचं शिवाजी महाविद्यालय त्याच संस्थेचं. मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते महानुभाव साहित्याचे मोठे अभ्यासक झाले, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आज मलकापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. ही माणसं दूर गेली, कारण जवळ काही नव्हतं. जवळ काहीतरी असावं म्हणून त्यांच्या पिढीनं आयुष्यं वेचली. आज घरापासून तासाभरावर शिवाजी आहे, अनुराधा अभियांत्रिकी आहे, बुलढाण्याला जिजामाता महाविद्यालय आहे, खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे. बुलढाण्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही 2024 मध्ये शंभर जागांनिशी सुरू झालं.

तरी जवळ म्हणजे किती जवळ, हे नकाशावर कळत नाही. आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दोन भागांत विभागलेला. रेल्वे घाटाखाली: मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. जिल्ह्याचं ठिकाण घाटावर, आणि तिथं रेल्वे नाही. घाटावरच्या मुलीला रोज राजूर घाट किंवा बोथ्याचा घाट उतरून कॉलेज करणं अशक्यच, म्हणजे होस्टेल आलं. देऊळगाव राजाच्या मुलीला जालना अगदी जवळ, पण तिचं विद्यापीठ अमरावती. कटऑफच्या यादीत होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या, आणि बाहेरच्या मुलांचे आकडे वेगळे छापलेले असतात, ते न बघता पसंतीक्रम भरला की जालना-संभाजीनगरची जागा गृहीत धरलेली असते आणि ऐन वेळी हातची जाते. बापाला हे कुणी सांगितलेलं नसतं. सायबर कॅफेवाला पन्नास फॉर्म एकसारखे भरून मोकळा होतो.

मुलींच्या बाबतीत तर खरा निर्णय एसटी करते. खेड्यातल्या मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा प्रवास मोफत असतो, पण तो बारावीपर्यंत. पदवीला गेली की सवलतीचा पास काढायचा आणि तिकिटाचा तिसरा हिस्सा आपण भरायचा. पैशापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे शेवटची गाडी. प्रॅक्टिकल संपायला पाच वाजतात आणि गावाची गाडी साडेचारला सुटते, अशा गावातली हुशार पोरगी विज्ञान सोडून कलाशाखेला जाते, ती आवड म्हणून जात नाही. माझ्या वर्गातल्या अशा मुली मला आजही नावानिशी आठवतात. कॉलेज निवडायला बसलेल्या प्रत्येक घरानं आधी आगाराच्या फलकावरची वेळ लिहून आणावी, टक्केवारी मग बघावी.

फीचं मात्र चित्र बदललंय, आणि ते पुरेसं पोचलेलं नाही. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी 2024-25 पासून सरकार पूर्ण भरतं. त्यासाठी महाडीबीटीवर अर्ज वेळेत हवा, कागद धड हवेत. खोली, मेस, पुस्तकं आपलीच. पुण्याला जाऊ की शेगावला, हा हिशेब आता बराचसा या खोली-मेसचाच उरतो, आणि तो चार वर्षं दर महिन्याला करायचा असतो.

पण पैशाचा आणि गाडीचा मेळ बसला म्हणजे कॉलेज चांगलं, असंही मी म्हणणार नाही. जिल्ह्यातलं सगळंच चांगलं नाही. भाचीसाठी म्हणून मी एका कॉलेजात गेले होते. माहितीपत्रकावर चकचकीत ग्रंथालय होतं, आणि ते खरंच होतं, कपाटं नवी होती. इलेक्ट्रॉनिक्सचं एक जाडजूड पुस्तक काढलं. मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी डकवलेली होती, तिच्यावर एकही शिक्का नव्हता. शेजारचं काढलं, तेही कोरं. पुस्तकांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. ग्रंथपाल भले गृहस्थ होते. म्हणाले, मुलं नोट्सवरच करतात. प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपवर प्लॅस्टिकचं आवरण होतं आणि आवरणावर बोट फिरवलं तर रेघ उठत होती. मग वर्गाबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना विचारलं, मॅथ्सला कोण आहे? त्या एकमेकींकडे बघून म्हणाल्या, सध्या कुणी नाही.

त्या दोन मुलींनी जे सांगितलं ते कुठल्याही नॅकच्या श्रेणीत किंवा प्लेसमेंटच्या फ्लेक्सवर दिसलं नसतं. असं कोरं ग्रंथालय पुण्यातही सापडतं, तिथं फक्त इमारत उंच असते. म्हणून मला वाटतं, दूर की जवळ हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. शिकवणारा माणूस आहे का, तो टिकून आहे का, यंत्राला मुलांचा हात लागतो का, मुलींच्या स्वच्छतागृहात दुपारी पाणी असतं का, हे विचारावं. चार वर्षं पोरगी याच गोष्टींवर जगणार असते. या प्रश्नांची उत्तरं चांगली मिळाली तर मलकापूर पुण्याच्या वर लिहावं आणि शेजारी काय म्हणतील याची पर्वा करू नये. उत्तरं मिळाली नाहीत, तर दोन एकर गहाण न टाकता जमत असेल तर पोरीला खुशाल लांब धाडावं. तिला लांब जायचंच असेल, त्या शहराची ओढ असेल, तर ते कारणही माझ्या लेखी मोठं आहे. घर सोडून राहायला शिकणं हाही शिक्षणाचा भाग आहे, आणि मुलग्यांना आपण ते न विचारता देतो.

तेव्हा ज्यांची मुलं यंदा अकरावी-बारावीत आहेत त्यांना माझं सांगणं आहे. जूनची वाट बघू नका. सोयाबीन घरात आलं की, कॉलेजं भरलेली असतात तेव्हा, एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी पोरीला बरोबर घेऊन जा. ग्रंथालयात तिला एकटीला जाऊ द्या, तिथल्या मुलींशी बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. आणि पसंतीक्रम भरायची वेळ आली की मोबाइल तिच्याच हातात राहू द्या.