कोट हातावरच असू द्या

जानेवारीत मुंबईहून जयपूरला निघालो, तेव्हा घामाच्या धारा लागल्या होत्या. साहजिकच आईचा लोकरी कोट सुटकेसच्या तळाशी गेला आणि सुटकेस विमानाच्या पोटात. रात्री सांगानेर विमानतळावर उतरलो, तर पारा सात-आठ अंशांवर! शिडी उतरतानाच आईला हुडहुडी भरली. तेव्हा कोट बांधू नका, हातावर घ्या. विमानातही पांघरता येतो. कानटोपी, मोजे त्याच्याच खिशात ठेवा.

राजा पार्क म्हणजे फाळणीनंतर आलेल्या पंजाबी कुटुंबांची वस्ती. घरच्या बाईंनी चहाआधी आईच्या अंगावर जयपुरी रजई घातली. पिंजलेल्या कापसाची, हलकी पण उबदार. दुपारी मात्र बाजारात कोट नकोसा झाला.

परतताना सुटकेसमध्ये रजई होती आणि कोट आईच्या हातावर.